माणसागणिक चौपन्न चौरस फूट : शहापूर-मुरबाडचा कैदी आणि त्याच्या निवाऱ्याचा कायदा

कैदेत ठेवलेल्या माणसाला राहण्यासाठी किती जागा लागते, हा प्रश्न हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारने आकड्यांत मांडला तो १८६४ साली नेमलेल्या तुरुंग चौकशी समितीच्या निमित्ताने. त्याआधीच्या दहा वर्षांत देशातील तुरुंगांच्या भिंतींआड ४६ हजारांहून अधिक माणसे मेल्याची नोंद या समितीपुढे होती आणि त्या काळचे वैद्यकशास्त्र रोगाचे मूळ कोंडलेल्या, दूषित हवेत शोधत असल्यामुळे समितीने जमिनीबरोबर हवाही मोजली. दर कैद्यामागे किमान ५४ चौरस फूट जमीन आणि ६४० घनफूट हवा असावी, अशी शिफारस तिने केली. चौपन्न चौरस फूट म्हणजे नऊ फूट लांब आणि सहा फूट रुंद जागा, एका माणसाला आडवे होऊन कूस बदलता येईल आणि उठल्यावर दोन पावले टाकता येतील एवढी. हवेबद्दलचा तो वैद्यकीय समज पुढे मागे पडला, पण माणसाच्या जगण्याला किमान मोजमाप असते ही कल्पना टिकली. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील माणसाच्या वाट्याला हे मोजमाप कितपत आले, हे पाहू लागल्यास तुरुंगाच्या कायद्याची कथा भिंतींपाशी थांबत नाही, ती जंगलात, मामलेदार कचेरीत आणि जामिनाच्या कागदांत शिरते.

जिल्ह्याचा मोठा तुरुंग म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू केले, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती गेला. मराठेशाहीत महत्त्वाचे कैदी डोंगरी किल्ल्यांवर ठेवण्याची रीत होती. इंग्रजांनी ठाण्याच्या खाडीकाठच्या किल्ल्याचा तसाच उपयोग केला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला १८१५ मध्ये येथेच अटकेत ठेवण्यात आले आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरात तो येथून निसटला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा किल्ला रीतसर तुरुंग झाला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि घाटाखालच्या कोकणात बंडाचे वातावरण उभे करणारे महादेव कोळी समाजाचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथेच फाशी देण्यात आली, आणि १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही येथेच फासावर चढवण्यात आले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण तिचे परिणाम आजवर चालत आले आहेत : हा तुरुंग माणसे राहावीत म्हणून बांधलेला नव्हता. शत्रूला बाहेर थोपवण्यासाठी रचलेली तटबंदी आतल्या माणसांना रोखण्यासाठी वापरली गेली, आणि म्हणून आतली जागा तटाने आधीच ठरवून टाकलेली होती. कैदी वाढले तरी तट हलत नव्हता.

पण शहापूर किंवा मुरबाडच्या माणसाची कैद ठाण्यात सुरू होत नसे. १८८२ च्या सुमारास ठाणे जिल्ह्याचे अकरा तालुके होते आणि शहापूर व मुरबाड हे त्यांपैकी दोन. तालुक्याच्या ठिकाणी मामलेदार कचेरी आणि कचेरीला लागून कोठडी, अशी मुंबई इलाख्यातील सर्वसाधारण मांडणी होती. मामलेदार हा मुळात महसुलाचा अधिकारी, जमिनीचा सारा वसूल करणारा. त्यालाच दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटचे, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करून काही आठवडे किंवा काही महिने कैद देण्याचे, अधिकार असत, आणि कोठडीवरची देखरेखही बहुधा त्याच्याच कचेरीकडे असे. सारा थकला म्हणून ज्याच्या दारात माणूस उभा राही, त्याच्याच समोर गुन्ह्यासाठीही उभा राही आणि त्याच्याच आवारात रात्र काढी. महसूल, न्याय आणि कैद या तीन गोष्टींची ही एकत्र गाठ मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने न्यायदान आणि कार्यकारी अधिकार वेगळे केले तेव्हाच सुटली. कल्याणहून नाशिककडे जाणारी रेल्वे १८६१ पर्यंत कसाऱ्यापर्यंत पोहोचली होती, त्यामुळे शहापूरच्या कैद्याला आसनगावाहून गाडीने नेता येत होते. मुरबाडला मात्र आजही रेल्वे नाही आणि कल्याणपर्यंतचे सुमारे तीस किलोमीटर अंतर त्या काळी पायी किंवा बैलगाडीनेच कापावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात या कोठड्यांत कोण जाऊ लागले, हे समजण्यासाठी तुरुंगाच्या कायद्याशेजारी दुसरे दोन कायदे ठेवून वाचावे लागतात. पहिला १८७८ चा जंगल कायदा. त्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वर्गवारी केली, राखीव जंगलातील तोडीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला आणि जंगल खात्याच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करण्याची मुभा दिली. शहापूर-मुरबाडच्या शेतीला हा कायदा थेट जाऊन भिडला तो राबाच्या ठिकाणी. राब म्हणजे भाताचे रोप तयार करण्याआधी जमीन भाजण्याची पद्धत : उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐन-किंजळीसारख्या झाडांचा छाटलेला टहाळ पसरायचा, वर पालापाचोळा आणि गवत टाकायचे, मातीने हलके दाबायचे आणि वाऱ्याची दिशा पाहून एका कडेने पेटवायचे. आग मंद चालावी लागते. भडकली तर वरचे गवत जळून जाते आणि माती कोरी राहते. नीट भाजलेल्या तुकड्यावर तण उगवत नाही आणि राखेच्या आधाराने रोप पहिल्या पावसात जोर धरते. हा टहाळ जंगलातूनच येत असे. ज्या कृतीवर वर्षाचे भात अवलंबून होते ती कृतीच परवानगीचा, आणि परवानगी नसल्यास शिक्षेचा, विषय झाली. त्यातून ठाणे जिल्ह्यात एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई जंगल आयोग नेमून ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील तक्रारींची चौकशी करावी लागली, आणि आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये आला. याच जंगलात खैराच्या झाडापासून कात काढणाऱ्या कातकरी समाजाचा, ज्याचे नावच या धंद्यावरून पडले, पिढीजात व्यवसाय तर जवळजवळ गुन्ह्याच्या हद्दीत गेला.

दुसरा कायदा मोहाचा. मुंबई सरकारने १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा साठा आणि व्यापार यांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला, कारण फुलांपासून घरोघरी निघणारी दारू सरकारच्या अबकारी उत्पन्नाला बाधक होती. ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी यांच्या घरात मोहाची वाळवलेली फुले टंचाईच्या दिवसांत खाण्यासाठीही असत. चैत्रात झाडाखाली पहाटे वेचलेली फुले घरात ठेवणे हा अपराध ठरवणारा कायदा आणि त्या अपराध्याला कसे ठेवावे हे सांगणारा तुरुंग कायदा यांच्यात अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. तुरुंगांतील गर्दीचा इतिहास लिहिताना ही जवळीक सहसा नजरेआड होते, आणि ती होऊ नये. गर्दी भिंतींच्या कमतरतेने जेवढी होते तेवढीच गुन्ह्यांच्या यादीच्या लांबीनेही होते.

१८९४ चा तुरुंग कायदा हा त्या शतकात वेळोवेळी नेमलेल्या समित्यांच्या कामाचा अखेरचा निष्कर्ष होता, आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशके महाराष्ट्रातील तुरुंगांचा मूळ आधार तोच राहिला. त्याचे चौथे कलम कैद्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी सरकारवर टाकते, पण कशासाठी? कायद्यात सांगितल्याप्रमाणे कैद्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवता यावे यासाठी. सत्ताविसावे कलम हे वेगळेपण सांगते : स्त्रिया पुरुषांपासून, एकवीस वर्षांखालील मुलगे प्रौढांपासून, शिक्षा न झालेले शिक्षा झालेल्यांपासून आणि दिवाणी कैदी फौजदारी कैद्यांपासून. वेगळे ठेवण्याची ही यादी बारकाईने केलेली आहे, मात्र दर माणशी किती जागा हवी याचा आकडा संपूर्ण कायद्यात कोठेही नाही. तीस वर्षांपूर्वी समितीने सांगितलेले चौपन्न चौरस फूट कायद्याच्या मजकुरात उतरले नाहीत, ते नियम करण्याच्या अधिकारावर सोपवले गेले, आणि नियम मोडल्यास कोणी दाद मागावी याची वाटही ठेवलेली नव्हती. सातवे कलम तर अधिक बोलके आहे. तुरुंगात सोयीने किंवा सुरक्षितपणे ठेवता येतील त्याहून जास्त कैदी झाले आणि त्यांना दुसरीकडे हलवणे सोयीचे नसले, किंवा साथीचा रोग पसरला, तर तात्पुरते तुरुंग उभारावेत, असे ते सांगते. म्हणजे गर्दी होणार हे कायद्याने आधीच गृहीत धरले आणि गर्दी झाल्यावर काय करायचे ते सांगितले. गर्दी होऊच नये म्हणून संख्येवर मर्यादा घातली नाही.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या कलमातल्या व्याख्येत आहे. तुरुंग म्हणजे काय हे सांगताना कायद्याने केवळ पोलिसांच्या ताब्यात असलेल्या माणसांना ठेवण्याची जागा स्पष्टपणे वगळली. ज्याला बोलीत नुसते ‘आत टाकले’ म्हणतात, त्या पोलीस ठाण्याच्या लॉकअपला तुरुंगाचे नियम लागू झाले नाहीत. स्त्रियांना वेगळे ठेवा, आजाऱ्याला डॉक्टर दाखवा, कच्च्या कैद्याला पक्क्या कैद्यांत मिसळू नका, हे सर्व त्या दारापाशी थांबले. शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांत, जिथे माणसाची पहिली आणि पुष्कळदा सर्वांत भीतीची रात्र पोलीस ठाण्यातच जाते, तिथे तुरुंग कायद्याने हात आखडता घेतला. पोलीस कोठडीबद्दल पोलिसांच्या स्वतःच्या नियमावल्या होत्या आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याचा दंडकही होता, पण निवाऱ्याच्या मापाचा हक्क म्हणून विचार त्या खोलीपर्यंत पोहोचला नाही.

सातव्या कलमाचा सर्वांत मोठा वापर झाला तो १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत. सत्याग्रहींची संख्या एवढी वाढली की मुंबईत वरळीला कामगारांसाठी बांधलेल्या चाळींत तात्पुरता तुरुंग करावा लागला, आणि नगर जिल्ह्यात विसापूरलाही तसाच तुरुंग उघडण्यात आला. त्याच वर्षी कैद्यांची अ, ब आणि क अशी वर्गवारी देशभर लागू झाली. वरचा वर्ग मिळण्याचा निकष होता सामाजिक स्थान, शिक्षण किंवा वरच्या दर्जाच्या राहणीची सवय. या निकषाचा अर्थ शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने वाचला तर तो फार कठोर आहे. ज्याचे घर कारवीच्या कुडाचे आणि मातीने लिंपलेले, ज्याच्याकडे खाट नाही, त्याला तुरुंगातही खाट लागत नाही, असे सरकारने लेखी ठरवले. बाहेरची गरिबी हीच आतल्या गैरसोयीची सबब झाली. १९४२ नंतर कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत आझाद दस्ता हे भूमिगत पथक उभे करणारे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. ते तुरुंगापर्यंत पोहोचलेच नाहीत, पण त्यांना भाकरी पोहोचवणाऱ्या आणि वाटा दाखवणाऱ्या डोंगरातल्या वाड्यांतील माणसांच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागला.

स्वातंत्र्यानंतर तुरुंग हा राज्यांचा विषय राहिला. साठच्या दशकात महाराष्ट्राने तुरुंगातील शिस्त, सोयी, इमारती आणि स्वच्छता यांचे वेगवेगळे नियम केले. केंद्राने १९८० मध्ये न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने १९८३ मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्या अहवालातील पुष्कळ गोष्टी आदर्श तुरुंग नियमावलीत, म्हणजे राज्यांनी नमुना म्हणून पुढे ठेवावी अशा केंद्राच्या मसुद्यात, २००३ आणि २०१६ साली उतरल्या. २०१६ च्या नियमावलीप्रमाणे बराकीत, म्हणजे अनेकांनी मिळून झोपण्याच्या लांबट खोलीत, दर कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर जमीन आणि १५.८३ घनमीटर हवा असावी, आणि एकट्या कैद्याच्या कोठडीत ८.९२ चौरस मीटर. हे आकडे फुटांत मांडून पाहावेत. ३.७१ चौरस मीटर म्हणजे जेमतेम चाळीस चौरस फूट, आणि हवा साधारण ५६० घनफूट. १८६४ च्या समितीने परक्या सरकारला जेवढी जागा सुचवली होती, त्याहून दीडशे वर्षांनंतर स्वतंत्र देशाच्या नियमावलीने सुचवलेली बराकीतली जागा चौदा चौरस फुटांनी कमी आहे.

न्यायालयांनी मात्र या काळात मोठे काम केले. सुनील बत्रा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ आणि १९७९ मध्ये मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारात गळून पडत नाहीत असे स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला १९८३ चा शीला बारसे खटला. मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या स्थितीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेले पत्रच न्यायमूर्ती भगवती यांनी याचिका म्हणून स्वीकारले आणि स्त्रियांसाठी चार-पाच स्वतंत्र लॉकअप, तेही महिला पोलिसांच्या पहाऱ्याखाली, असावेत असा आदेश दिला. १८९४ च्या कायद्याने व्याख्येबाहेर ठेवलेली ती खोली अशा रीतीने न्यायालयाच्या नजरेखाली आली. स्वतंत्र लॉकअपचा तो आदेश मुंबई शहरापुरता होता, ही त्याची मर्यादा. पुढे २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. देशातील १३८२ तुरुंगांतील अमानुष परिस्थितीबद्दलच्या खटल्यात २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोकूर यांनी गर्दीचा प्रश्न थेट हाती घेतला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने जातीवरून काम आणि बराक वाटून देणाऱ्या राज्यांच्या नियमावल्यांतील तरतुदी रद्द केल्या. विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मानेच सराईत गुन्हेगार समजण्याची जी सवय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावली होती, ती १९५२ मध्ये तो कायदा गेल्यानंतरही तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीच्या रकान्यात उरली होती, हे या निकालाने दाखवून दिले.

आज मुरबाड किंवा शहापूरच्या न्यायालयात न्यायालयीन कोठडी सुनावलेल्या माणसाची रवानगी बहुधा कल्याणच्या आधारवाडी कारागृहात किंवा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात होते. आधारवाडीची मंजूर क्षमता ५४० आणि ठाण्याची ११०५, आणि दोन्ही ठिकाणी अलीकडच्या वर्षांत क्षमतेच्या तिपटीहून अधिक माणसे राहिलेली आहेत. या गुणोत्तराचा अर्थ आकडेमोडीने लावता येतो. नियमावलीच्या मापाने बांधलेल्या बराकीत तिप्पट माणसे घातली तर एकेकाच्या वाट्याला सव्वातेरा चौरस फूट येतात. साधी दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब चटई अंथरली तर तिलाच बारा चौरस फूट लागतात. पिण्याच्या पाण्याचा माठ, पायातल्या चपला, कपड्यांची पिशवी, संडासाकडे जाणारी वाट आणि रात्री उठणाऱ्याचे पाऊल हे सर्व उरलेल्या सव्वा चौरस फुटात बसवायचे. कुशीवर झोपणे ही तेथे सवय राहत नाही, ती गरज होते.

ही गर्दी मुख्यतः शिक्षा झालेल्यांची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी तिघे न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला चालू असलेले कच्चे कैदी, होते. त्यांना बाहेर काढण्याच्या वाटा कायद्याने उघडल्या आहेत. हुसेनआरा खातून खटल्यात १९७९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने गरिबाला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडावे असे सांगितले. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद २००६ पासून लागू झाली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यासाठी ती मुदत एक तृतीयांशावर आणली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत जामिनाच्या रकमेसाठी सुरुवातीला चाळीस हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तुरुंग व सुधारसेवा विधेयक मांडून १८९४ च्या कायद्याची जागा घेण्याची तयारी केली.

असे असूनही जामीन मंजूर झालेला माणूस आत राहतो, आणि तो शहापूर-मुरबाडचा आदिवासी असेल तर बहुधा कागदापायी. न्यायालय जामीनदार मागते. जामीनदाराकडे सातबारा उतारा किंवा ऐपतीचा दाखला, म्हणजे त्याच्या नावावर पुरेशी मालमत्ता असल्याचे प्रमाणपत्र, लागते. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडची अनेक गावे पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात आणि आदिवासींच्या जमिनी वाचवणारे कायदेही आहेत, पण कातकरी कुटुंबांची घरे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत, पावसाळा संपला की घरातली माणसे वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर पांगतात, आणि नात्यात ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस शोधावा तर तो सापडत नाही. जमीनदार किंवा भट्टीमालक जामीन राहायला तयार झालाच तर त्याची परतफेड पुढच्या हंगामाच्या मजुरीतून होते. ऐपतीचा हा दाखला देतो तो तहसीलदार, ज्याच्या पूर्वसुरीला मामलेदार म्हणत आणि ज्याच्या कचेरीच्या आवारात एकेकाळी तालुक्याची कोठडी होती.